चुन्याचा दगड

"गियर टाकलास ते ऐकू आलं," मामंजी म्हणाले. "ऐकू याया नको."

वाडीतलं शेवटचं घर आत्ता कुठं मागं पडलं होतं. श्रावणातला रविवार, समोर भैरीघाटाचा पहिला चढ, दोन्ही बाजूंनी रान नुसतं ठिबकत होतं, आणि शेजारच्या सीटवर माझे सासरे. अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. रिटायर झाल्यावर जीप घेतली, ती पण याच घाटात पळवली. केरबा ड्रायव्हर म्हटलं, की पंचक्रोशीतली माणसं अजून उठून जागा द्यायची.

मी पुढचा गियर टाकला. "आता?"

"आता बी आला. पर कमी आला."

इंजिन एवढं बोंबलत असताना गियर ऐकू येणारे कान देवानं या एकाच माणसाला का दिले, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण गिळलं. त्या दिवशी तोंड चालवून भागणार नव्हतं, गाडी चालवायची होती.

झालं होतं असं. माझा नवरा संपत जाऊन तीन वर्षं झाली होती. याच घाटात, मोटरसायकलवरून. त्या दिवसापासून मामंजींनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. जीप अंगणात उभी, तिच्या टपावर कोंबड्या. दर आठ दिवसांनी मीच ती चालू करायचे, अंगणातल्या अंगणात पुढं-मागं करायचे. गाडी मला संपतनंच शिकवली होती, उन्हाळ्यात तळं आटलं की तळ्याच्या मातीत. लायसनचा फोटो काढताना हसू आवरलं नव्हतं, म्हणून माझ्या लायसनवर अजून दात दिसतात.

त्या वर्षी घाटमाथ्यावर तळ्याकाठी शिरोळकर नावाच्या माणसानं तंबू टाकले होते. शनिवार-रविवार पोरापोरींची ही झुंबड. त्यांना तंबूपासून धबधब्यापर्यंत फिरवायला त्याला कायमची गाडी पाहिजे होती. मी विचारायला गेले तर म्हणाला, "ताई, रविवारी गाडी घेऊन वर या. घाट चढून आलात, की काम तुमचं."

मी नाचतच घरी आले, तर मामंजींनी जीप विकायला काढलेली. "सोमवारी गारगोटीचं गिऱ्हाईक येतंय," म्हणाले. जीप गेली की मला लेकीला घेऊन इचलकरंजीला भावाकडं जावं लागणार, आणि भावजयीच्या हाताखाली आयुष्य काढावं लागणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी म्हणाले, "घाटानं एक मानूस खाल्लाय या घरातला. बास झालं."

मी दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली.

"मला शेजारी बसीव आन् घाट चढून उतरून दाव. माजा हात एकदा जरी हँडब्रेककडं गेला, तर सोमवारी गाडी गेली. न्हाई गेला, तर गाडी तुजी."

बाईमाणूस घाटात गाडी घालणार, म्हणून यांच्या पोटात दुखतंय, असं मी धरून चालले होते. म्हटलं, दाखवतेच.

पहिला मोठा धबधबा लागतो तो 'जावा'. एका कड्यावरून दोन धारा शेजारी शेजारी पडतात, पण एकमेकींना शिवत नाहीत, म्हणून जावा. धाकटी संक्रांतीलाच आटते, थोरली होळीपर्यंत कशीबशी धरून असते. खाली गाड्यांची रांग, कणसाचा धूर, आणि भिजून ओरडणारी शहरातली पोरं. पाणी बघायला नाही, पण इंजिनाला दम द्यायला मी चढावरच गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला.

मामंजी गुडघा धरून खाली उतरले. रस्त्याकडेला शोधून डोक्याएवढा दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला.

"मामंजी, हँडब्रेक धरतोय की!"

"हँडब्रेक धरतोय म्हननारी लई मानसं म्या घरी पोचीवल्यात," ते म्हणाले. "झोळीतनं."

निघताना मी म्हटलं, मी काढते दगड. तर नको म्हणाले. स्वतः वाकले, दगड उचलला, रस्त्याच्या पार कडेला, गटाराच्या पलीकडं नेऊन ठेवला, आणि त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला.

मला हसू फुटलं. "दगडाच्या पाया पडताय व्हय?"

"रस्त्यात लावलेला दगड रस्त्यात ठिऊन जायाचं न्हाई," ते म्हणाले. "गाडीमागं गाडी येत असती." हसले मात्र नाहीत. माझी चेष्टा ते सहसा वाया जाऊ द्यायचे नाहीत.

पुढं वनखात्याच्या नाक्यावर गार्ड वहीत नाव लिहून घ्यायला आला, तो खिडकीतच अडकला. "केरबानाना! तुम्ही शेजारच्या सीटवर? आज सूर्य कुठनं उगवला?"

"डोंगरामागनं. तुला दिसला नसंल, झोपला व्हतास."

"आणि चालवतंय कोण? वहिनी? नाना, भैरीला नारळ बोललाय का नाही?"

"नारळ तू बोल," मी म्हटलं, "फाटक उघडायला एवढा येळ लावतोस, मागं रांग लागली बघ."

तो हसत हसत बाजूला झाला. मामंजींच्या मिशा हलल्या. मला तेवढंच पुरलं.

नाक्यापासून खरा घाट. रस्ता अरुंद, वरून फांद्या भिडलेल्या, भर दुपारी संध्याकाळ झाल्यागत उजेड. तिसऱ्या वळणावर वरून एस.टी. आली. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा घाटातला कायदा, पण तो नवखा ड्रायव्हर तसाच घुसला. मी थांबले. मागं उतार, उजवीकडं दरी. एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर, आणि डोळ्यांसमोर एस.टी.चं लाल पोट हळूहळू सरकतंय. मी मामंजींच्या हाताकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

एस.टी. गेली. ब्रेक सोडला, क्लच अर्धा, गाडी एक इंचसुद्धा मागं न जाता वर चढली. माझ्या मनात लाडू फुटायला लागले. बोलले नाही, पण शेजारून कौतुक येतंय का याकडं कान लावून बसले. आलं नाही.

आलं ते सहाव्या वळणावर, आणि ते कौतुक नव्हतं.

"थांबीव," मामंजी म्हणाले.

संपत गेला ती जागा हीच. एस.टी.नं जाताना या वळणाला मी डोळे मिटून घ्यायचे. आज डोळे उघडे ठेवून, समोर बघत, तोंडातल्या तोंडात एक ते वीस मोजत निघून जायचं, असं घरूनच ठरवून आले होते. आणि हा माणूस म्हणतो थांबव.

"इथं नको, मामंजी."

"हितंच."

मी थांबवली. डोंगराच्या अंगाला कातळावरून पाण्याची एक बारीक धार पडत होती. तिला नाव नाही, ड्रायव्हर लोक तिथं रेडिएटरला पाणी घालतात. दरीच्या अंगाला काठाचे दगड, बांधकाम खात्यानं चुना फासलेले. मामंजी उतरले. त्यातलाच एक दगड सैल करून काढला, पोटाशी धरून आणला आणि मागच्या चाकाला लावला. मग आत येऊन बसले नाहीत. माझ्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. पाऊस टोपीवरून नाकावर येत होता, तो पण पुसला नाही.

"अनुसयाला कळा लागल्या, ती सांज तुला ठावं हाय," ते म्हणाले.

ठाऊक नसायला काय झालं? शेजारची अनुसया अडली, मामंजींनी तिला जीपमध्ये घालून घाट चढून तालुक्याच्या दवाखान्यात नेली, बाई आणि पोर दोन्ही वाचली. गावानं त्यांना देवमाणूस म्हटलं. त्याच संध्याकाळी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन संपत मागनं मोटरसायकलवर निघाला, आणि धुक्यात घसरला.

"हितं इंजिन तापलं," मामंजी सांगत होते. "काठाचा चुन्याचा दगड काढला. असाच. चाकाला लावला. त्या धारंचं पानी घातलं. मागं ती पोर गुरावानी वरडत व्हती. म्या बसलो आन् गाडी हानली."

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"दगड काढला न्हाई, मालन. त्यो रस्त्यात ऱ्हायला."

त्यांनी माझ्या खिडकीची कड धरली.

"सकाळी उतरताना बगितलं, तर मानसं जमल्याली. संपतच्या आदी मला दगड दिसला. चुन्यावर टायरचा काळा पट्टा. कुनाच्या ध्यानात याच्या आत म्या त्यो पायानं दरीत लोटला. अन् मग पोराकडं गेलो. घसरला न्हाई त्यो. म्या पाडला त्याला."

मी ओरडले नाही. आधी नुसतं विचारलं, "तीन वर्षं?"

"व्हय."

"तेराव्याला बायका माझ्या पाठीमागं कुजबुजत होत्या, की संपत पिऊन होता. पारवतीकाकू तर तोंडावर म्हणाल्या, की प्यालेल्याला धुकं काय नि ऊन काय. तुम्ही तिथंच बसला होता. पान लावत होता. तुमच्या कानाला गियर ऐकू येतो, ते ऐकू नाही आलं?"

"आलं."

"आणि गप्प बसला."

"बसलो."

मग मात्र माझ्या अंगाचा भडका उडाला. अख्ख्या आयुष्यात मला एवढा राग कधी आला नव्हता. तीन वर्षं मी धुक्याला शिव्या घातल्या, घाटाला घातल्या, रात्री उशीत तोंड खुपसून संपतलासुद्धा घातल्या, की खरंच प्याला होतास का रे? त्याला! ज्यानं चहाचासुद्धा दुसरा कप घेतला नाही! आणि ज्याला ठाऊक होतं तो माझ्या हातची भाकरी खात समोर बसला होता.

मी गाडी हाणली. अडुसष्ट वर्षांचा सासरा, सुजलेला गुडघा, भर पावसात घाटात टाकला आणि निघाले. गियर कसा टाकला आठवत नाही. ऐकू आला असेल, पार तालुक्यापर्यंत. डोळ्यांतनं धारा, वायपर चालू असून काचेतनं काही दिसेना. सातवं वळण घेतलं. सरळ वर जाते, म्हटलं, आणि उद्या जीप विकू देत नाही तर जाळू देत, या माणसाचं तोंड बघणार नाही.

आणि एकदम आठवलं.

दगड.

मागच्या चाकाला लावलेला दगड. मी तो तसाच सोडून आले होते. वळणावर, अर्ध्या रस्त्यात.

मी गाडी डोंगराकडं घेतली, चाक कातळाला तिरपं केलं, पहिल्या गियरमध्ये बंद केली आणि उडी मारली. चपला रस्त्यातच राहिल्या. खालून मोटरसायकलचा आवाज येत होता, चढावरचा, दमलेला. "मामंजी! दगड! दगड!" मी ओरडत पळत होते. आवाज जवळ आला, मग अगदी जवळ आला, आणि मी वळणावर पोचले.

रस्ता मोकळा होता.

मामंजी कातळाला पाठ लावून उभे होते. दोन्ही हातांनी दगड पोटाशी धरलेला. चुना भिजून सदऱ्यावर पांढरे ओघळ आलेले. मोटरसायकल त्यांच्या पुढ्यातून गेली. पुढं पोरगा, मागं पोरगी, पाठीवर तंबूची वळकटी. पोरीनं मला हात केला. तिला वाटलं असेल, ही बाई अनवाणी पावसात मजा करतीय.

आवाज वर गेला, बारीक झाला, थांबला.

मी खाली बसले. रस्त्यातच.

"मी विसरले," मी म्हटलं.

"व्हय."

"मामंजी, मला आठवलाच नाही तो. डोक्यात नुसता... मला तो आठवलाच नाही."

"ठावं हाय गं," ते म्हणाले, आणि तिथंच, दगड तसाच धरून, हमसून हमसून रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. संपतला जाळला तेव्हासुद्धा नाही. मी उठून त्यांच्या शेजारी कातळाला टेकले. हात धरला नाही, तेवढं मन अजून झालं नव्हतं. पण शेजारी उभी राहिले. दोघांच्या पाठीवरून तीच धार वाहत होती.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "ठेवा की आता तो काठावर."

"न्हाई."

दगड घेऊनच ते जीपपर्यंत चालत आले. वाटेत माझ्या चपला पायानं पुढं सारल्या. आत बसले, दगड मांडीवर. मी गाडी चालू केली.

तळ्याकाठी निळे-पिवळे तंबू, धुक्यात चुली पेटवायची खटपट, आणि शिरोळकर छत्री घेऊन धावत आला. आम्हा दोघांचे अवतार बघून तो जरा मागंच सरकला. "ताई, हे मांडीवर काय आहे?"

"आमचं आहे," मी म्हटलं. "चहा द्या."

त्याची चार माणसं घेऊन मी तळ्याला वळसा घातला, धबधब्याच्या कड्यापर्यंत नेऊन आणलं. मामंजी हलले नाहीत, तसेच पुढं बसून. परत आल्यावर शिरोळकरनं त्यांनाच विचारलं, "काय आजोबा, जमतं का ताईंना?"

मामंजींनी बशीतला चहा संपवला. "गियर जरा ऐकू येतो," म्हणाले. "बाकी हाताला शांत हाय."

उतरताना धुकं उठलं होतं आणि जावा दोन्ही स्पष्ट दिसत होत्या. सगळ्यात खड्या उतारावर मी दुसरा गियर टाकला, इंजिनावर गाडी धरली आणि विचारलं, "अटीचं काय, मामंजी? हँडब्रेकला हात गेला का?"

"हात कुटं मोकळं हायती?" ते म्हणाले. खाली बघितलं, मांडीवरच्या दगडाकडं.

मला हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडू आलं. उतारावर दोन्ही एकदम करू नये. मी गाडी बाजूला घेतली.

"माझी पण एक अट आहे," मी म्हटलं. "उद्या वाडीत सांगायचं. सगळ्यांसमोर. तो पिऊन नव्हता म्हणून."

"सांगतो," ते म्हणाले. "तू हुबी ऱ्हाशील शेजारी?"

"बघू," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

सोमवारी गारगोटीचं गिऱ्हाईक आलं. आमच्या वाडीत कुणी साधी सायकल विकायला काढली तरी माणसं जमतात, ही तर जीप. अंगण भरलं. गिऱ्हाइकानं बॉनेट उघडायला हात घातला, तर बॉनेटवर चुन्याचा दगड. "हे काय?" म्हणाला.

मामंजी टोपी काढून पुढं झाले. मला सांगितलं होतं तेच, तसंच, शब्द न गाळता सांगितलं. मी शेजारी उभी राहिले. पारवतीकाकूंनी पदर तोंडात धरला, आणि मग गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. "माझी जीभ झडो, मालन," एवढंच म्हणाल्या. अनुसया तिच्या तीन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन आपल्या उंबऱ्यात उभी होती, ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. संध्याकाळी आली ती भाकरी-कालवण घेऊन, मामंजींसाठी.

गिऱ्हाईक बिचारं एकटंच अवघडलेलं. "मग... गाडीचं?" त्यानं विचारलं.

"गाडीला ड्रायव्हर घावला," मामंजी म्हणाले. "चा घिऊन जा."

त्या आठवड्यात त्यांनी बाभळीचा ओंडका तासून चाकाला लावायची पाचर केली. तिला भोक पाडलं, दोरी ओवली, आणि दोरीचं दुसरं टोक जीपच्या मागच्या कडीला पक्कं बांधलं. "आता इसरलीस तरी हरकत न्हाई," म्हणाले. "ही मागनं येती."

याला बारा वर्षं झाली. मामंजी पाच वर्षं माझ्या शेजारी बसले आणि मग गेले. माफ केलंस का आजोबांना, असं लेकीनं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, ते मला सांगता यायचं नाही, पण त्यांच्या ताटाला मी कधी उशीर केला नाही. आता घाटातल्या सगळ्या गाड्यांना मागं दोरीला बांधलेली पाचर असते. कुणी सुरू केलं, ते नव्या पोरांना ठाऊकसुद्धा नाही.

परवा सहाव्या वळणावर रेडिएटरला पाणी घातलं आणि बोलण्याच्या नादात तशीच निघाले. मागं बसलेली पुण्याची बाई घाबरली. "ताई, मागे काहीतरी खडखडतंय हो!"

"खडखडू दे," मी म्हटलं, आणि गाडी बाजूला घेतली. "माझे सासरे आहेत."